रंकाळा तलाव आणि परिसर

रंकाळा हा महाराष्ट्रातील कोल्हापूर शहराच्या पश्चिम भागातील एक प्राचीन तलाव आहे. करवीरनिवासिनी अंबाबाईच्या (महालक्ष्मीच्या) मंदिरापासून तो पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तलावाचा विस्तार सुमारे १०७ हेक्टर असून परीघ सुमारे साडेचार किलोमीटर आहे. पूर्वेस जुन्या कोल्हापूरच्या पेठा आणि उरलेल्या बाजूंस विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढलेल्या निवासी वसाहती अशी या परिसराची रचना आहे. त्यामुळे एकीकडे मंदिर, राजवाडा, तालमी आणि बाजारपेठा असलेले ऐतिहासिक शहर आणि दुसरीकडे विस्तीर्ण जलाशय, यांच्या मधोमध राहण्याचा अनुभव येथील रहिवाशांना मिळतो. याच निकट वस्तीमुळे तलावाच्या पाण्याची शुद्धता हा या परिसराचा सर्वांत जिव्हाळ्याचा आणि तितकाच कठीण प्रश्न ठरला आहे.

## नाव व उत्पत्ती

तलावाचे नाव रंकभैरव या देवतेवरून पडले असे परंपरा सांगते. करवीर क्षेत्राच्या धार्मिक परंपरेत रंकभैरव हा महालक्ष्मीचा रक्षक मानला जातो.

रंकाळ्याच्या जागी मुळात दगडाची खाण होती, असे स्थानिक परंपरेत मानले जाते. शिलाहार राजा गंडरादित्य याने बांधलेल्या ३६० जैन मंदिरांसाठी येथून दगड काढला गेला, तसेच आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास झालेल्या भूकंपाने खाणीचा तळ खचून भूगर्भातील पाणी वर आले, अशा दोन कथा सांगितल्या जातात. गंडरादित्याचा काळ बाराव्या शतकाचा पूर्वार्ध असल्याने या दोन कथांचा कालक्रम परस्परांशी जुळत नाही. तथापि दोहोंमागे खाणीची एकच आठवण आहे. त्या आठवणीला परिसराचे भूरूपही दुजोरा देते. कोल्हापूर दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेले असून रंकाळ्यालगत आजही 'इराणी खण' या नावाची पाण्याने भरलेली खण आहे. कोल्हापुरी बोलीत दगड काढून झालेल्या खोल खड्ड्याला 'खण' म्हणतात. दगड काढून झाल्यावर उरलेल्या खोलगट जागेत झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी साचणे, ही या भागात नेहमी दिसणारी गोष्ट आहे.

## भौगोलिक स्थान व जलव्यवस्था

रंकाळा पंचगंगा नदीच्या दक्षिणेस, तुलनेने उंच भागात आहे. तलावाच्या उत्तरेकडून गगनबावड्याकडे जाणारा आणि दक्षिणेकडून राधानगरीकडे जाणारा रस्ता जातो. या दोन्ही मार्गांवरील एस. टी. गाड्या जेथून सुटतात ते रंकाळा बसस्थानक तलाव आणि जुने शहर यांच्या मध्ये आहे.

तलावात पाणी मुख्यतः पश्चिम व दक्षिण बाजूंच्या पाणलोटातून, ओढ्या-नाल्यांवाटे येते. शहराच्या बाजूस दगडी बांध आहे. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावाटे बाहेर पडते आणि दुधाळी नाल्यातून पंचगंगेला मिळते. पाण्याचा हा मार्ग ध्यानी घेतला म्हणजे पुढील दोन गोष्टींचा उलगडा होतो. पहिली अशी की पाणलोटात जे सांडते ते अखेर तलावात येते. दुसरी अशी की तलावात जे साठते ते अखेर नदीत जाते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षीच्या महापुरांत नदीकाठचे सखल भाग पाण्याखाली गेले. रंकाळ्याचा काठ नदीपात्रापासून दूर व उंचावर असल्याने तेथील बहुतेक वस्तीला नदीच्या पुराची तशी झळ बसत नाही. तेथील चिंता पाण्याच्या पातळीपेक्षा पाण्याच्या प्रतीची आहे.

## इतिहास

मध्ययुगीन कोल्हापूर हे प्रामुख्याने तीर्थक्षेत्र होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात करवीर राज्याची राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरास आली आणि मंदिराभोवतीच्या वस्तीला राजधानीचे रूप लाभले. जुना राजवाडा व भवानी मंडप मंदिरालगतच आहेत. शहराला तटबंदी आणि वेशी होत्या. तटबंदी कालौघात नाहीशी झाली, परंतु गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थ वेस ही नावे आजही पत्त्यांत आणि बोलण्यात टिकून आहेत. रंकाळावेस म्हणजे शहरातून तलावाकडे उघडणारी वेस. तिच्या पलीकडे दीर्घकाळ शेते, मळे आणि पाणंदी होत्या.

१२ ऑक्टोबर १८५४ रोजी कोल्हापूर नगरपालिका स्थापन झाली. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली आणि शहराच्या वाढीची दिशा पूर्वेकडे वळली. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही बाजारपेठ रेल्वे स्थानकाजवळच आहे. व्यापार व गुळाची उलाढाल पूर्वेकडे गेल्याने पश्चिमेकडील रंकाळ्याचा परिसर तुलनेने निवांत राहिला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १५ डिसेंबर १९७२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

## काठावरील वास्तू व स्थळे

संध्यामठ: तलावाच्या पात्रातील ही जुनी दगडी मंडपवजा वास्तू आहे. पावसाळ्यानंतर तिचा बराचसा भाग पाण्याखाली जातो व पाणी ओसरले की ती पुन्हा उघडी पडते. त्यामुळे ती तलावाच्या पातळीचे जणू मापकच झाली आहे. संध्यामठ किती दिसतो यावरून तलाव किती भरला हे सांगण्याची रीत जुन्या रहिवाशांत आढळते. शेजारच्या वस्तीतील फुटबॉल संघाने 'संध्यामठ तरुण मंडळ' हेच नाव घेतले आहे.

नंदी: तलावाकाठच्या नंदीविषयी एक लोककथा प्रसिद्ध आहे. हा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा तलावाकडे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो. ज्या दिवशी तो पाण्याला टेकेल, त्या दिवशी प्रलय होईल, असे या कथेत सांगितले जाते.

रंकाळा टॉवर व धुण्याची चावी: शहराच्या बाजूस बांधावर असलेली दगडी मनोऱ्यांची वास्तू रंकाळा टॉवर म्हणून ओळखली जाते व लगतच्या वस्तीलाही तेच नाव मिळाले आहे. 'धुण्याची चावी' हे कपडे धुण्यासाठीचे जुने स्थान आहे. कपडे थेट तलावात न धुता बाजूला धुतले जावेत, हा विचार या सोयीमागे दिसतो.

शालिनी पॅलेस: तलावाच्या उत्तर-पश्चिम काठावरील हा राजवाडा छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला. राजकन्या शालिनीराजे यांचे नाव त्यास देण्यात आले. काळा दगड आणि इटालियन संगमरवर यांचा वापर, कमानी व मनोरा ही त्याची वैशिष्ट्ये होत. पुढे काही काळ तेथे हॉटेल चालवले जात होते. पूर्वेच्या काठावरून पाहता पाण्यापलीकडे दिसणारा हा राजवाडा रंकाळ्याच्या असंख्य छायाचित्रांची पार्श्वभूमी झाला आहे.

शालिनी सिनेटोन: शालिनी पॅलेसच्या परिसरातच १९३० च्या दशकात हा चित्रपट स्टुडिओ उभा राहिला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे संस्थापक बाबूराव पेंटर यांनी या संस्थेसाठी 'उषा' (१९३५), 'सावकारी पाश' (१९३६) आणि 'प्रतिभा' (१९३७) हे बोलपट दिग्दर्शित केले. 'सावकारी पाश' हा विषय त्यांनी मूकपटाच्या काळातही हाताळला होता. स्टुडिओचे मूळ रूप आज उरलेले नाही. त्याच्या जागेवर निवासी बांधकाम होऊ नये, ती चित्रपटसृष्टीसाठी राखली जावी, यासाठी कोल्हापुरातील कलावंत व नागरिकांनी वेळोवेळी आंदोलने केली आहेत.

उद्याने व चौपाटी: आग्नेय बाजूस पद्माराजे उद्यान आहे. पूर्वेकडील काठ 'रंकाळा चौपाटी' म्हणून ओळखला जातो. जवळच अभिनेते व दिग्दर्शक राज कपूर यांचा पुतळा आहे. भालजी पेंढारकर यांच्या 'वाल्मिकी' (१९४६) या चित्रपटात पृथ्वीराज कपूर यांच्यासमवेत राज कपूर यांनी नारदाची भूमिका केली होती. पोहण्याच्या तलावामुळे प्रसिद्ध असलेला अंबाई टँक परिसरही येथेच आहे.

## तलाव आणि जुने शहर

रंकाळ्याकडून पूर्वेस निघाल्यास बसस्थानक व ताराबाई रोड ओलांडून कपिलतीर्थ मंडई आणि तेथून महाद्वार रोडवर पोहोचता येते. हे अंतर साधारण पंधरा-वीस मिनिटांचे आहे. भाजी, फुले, पूजासाहित्य, कापड, गुजरीतील सोन्याचांदीचे दागिने, पापाच्या तिकटीजवळची कोल्हापुरी चपलांची दुकाने ही सारी या टापूत आहेत. गंगावेशीतील दूधकट्ट्यावर म्हशींचे धारोष्ण दूध उभ्याउभ्या पिण्याची प्रथा आणि जवळची गंगावेस तालीम ही शहराच्या कुस्तीपरंपरेची साक्ष होत. शाहू महाराजांच्या काळात १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग कुस्ती मैदान आणि त्यालगतचे मूळचे पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, हीदेखील याच परिघात येतात. ८ ऑगस्ट २०२४ रोजी लागलेल्या आगीत या नाट्यगृहाची मोठी हानी झाली. केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येसच ही घटना घडल्याने शहरभर हळहळ व्यक्त झाली व पुनर्बांधणीची मागणी तत्काळ पुढे आली.

तलाव व मंदिर यांचे नाते केवळ जवळिकीचे नाही. अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये व जानेवारीच्या अखेरीस ते फेब्रुवारीच्या आरंभी काही दिवस मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात शिरून मूर्तीपर्यंत पोहोचतात. हा 'किरणोत्सव' होय. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी हे त्याचे परंपरेने मानलेले दिवस आहेत. मंदिराच्या पश्चिमेस रंकाळ्याचा मोकळा विस्तार असल्याने त्या बाजूचे क्षितिज बरेचसे खुले राहिले आहे. मात्र तलाव आणि महाद्वार यांच्या दरम्यान वाढलेल्या इमारती, फलक व तारा यांचे अडथळे येतात. शिवाय हवेतील धूळ, बाष्प आणि ढग यांमुळे किरणांची तीव्रता घटते. किरणमार्ग मोकळा ठेवण्याचा प्रश्न म्हणूनच नगररचनेचाही प्रश्न झाला आहे.

## वसाहतींची वाढ

तलावाच्या पूर्वेस शिवाजी पेठ हा जुन्या वस्तीचा दाट भाग आहे. अरुंद गल्ल्या, एकमेकांस खेटून उभी घरे, तालीम मंडळे आणि फुटबॉल संघ ही त्याची ओळख आहे. पश्चिम व दक्षिणेकडील अंबाई टँक, हरिओमनगर, साने गुरुजी वसाहत, आपटेनगर, देवकर पाणंद, फुलेवाडी हे भाग नंतर वाढले. या नावांतूनच वाढीचा इतिहास वाचता येतो. 'पाणंद' म्हणजे दोन शेतांमधली गाडीवाट. ज्या वाटेने बैलगाडी जात असे तीच पुढे वसाहतीचा मुख्य रस्ता झाली, एवढेच नव्हे तर तिचे नावही पत्त्यात टिकले. 'वाडी' हे उपनगर मुळात वेगळे खेडे असल्याचे सांगते, तर 'वसाहत' व 'नगर' ही नावे नियोजित भूखंडांची व सहकारी गृहनिर्माणाची खूण आहेत.

२०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. महानगरपालिकेचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर असून स्थापनेनंतर अनेक दशके हद्दवाढ झाली नाही. त्यामुळे उपलब्ध जागेवरचा ताण वाढत गेला. पाणी, बाजार व शाळा जवळ आणि सायंकाळी काठावर मोकळी हवा, यांमुळे रंकाळ्यालगतच्या जागेला मागणी राहिली. एकमजली, अंगण-परसाच्या घरांच्या जागी बहुमजली इमारती आल्या. पाणलोटातील मोकळी जमीन जसजशी बांधली गेली, तसतसे जमिनीत मुरणारे पाणी कमी झाले आणि नाल्यांतून वाहणारे सांडपाणी वाढले.

## दैनंदिन जीवन

पहाटे तलावाभोवतीच्या पदपथावर फेरी मारणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. एक पूर्ण फेरी म्हणजे साडेचार किलोमीटर, हे व्यायामाचे सोयीचे माप ठरले आहे. ज्येष्ठ नागरिकांचे गट, सरावाला आलेले खेळाडू आणि मंदिराकडे निघालेले भाविक यांची गाठ याच वेळी पडते. दुपारी काठ शांत असतो. सायंकाळी चौपाटीवर भेळ, भाजलेली कणसे आणि मुलांसाठी खेळणी यांच्या गाड्या लागतात. सुट्टीच्या दिवशी व नवरात्रात बाहेरगावच्या पर्यटकांची भर पडते. मग वाहने उभी करण्याची अडचण आणि कचरा यांचा भार स्थानिकांना सोसावा लागतो.

काठावर बगळे, पाणकावळे, वारकरी व पाणकोंबड्या दिसतात. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षीही येतात. शहरातील शाळांच्या निसर्गसहलींसाठी रंकाळा हे जवळचे ठिकाण आहे.

## हरवलेली तळी

कोल्हापुरात एके काळी अनेक तीर्थे व तळी होती. त्यांपैकी कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई झाली, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान झाले आणि रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. तळे बुजवले तरी जमिनीचा उतार बदलत नाही. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचते ते याच कारणाने. पाणी आपली जुनी जागा शोधत येते. शहरातील आणखी एक जुना तलाव कोटितीर्थ टिकून आहे, पण तोही प्रदूषणाने ग्रासला आहे.

रंकाळा मोठा असल्यामुळे बुजला नाही. मात्र त्याचे पूर्वीचे काम संपत आले. शहराला आधी कळंबा तलावाचे, पुढे पंचगंगेचे व २०२३ पासून काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीने पाणी मिळू लागले. पिण्यासाठी ज्याची गरज उरली नाही, त्याच्या शुद्धतेकडे दुर्लक्ष होणे सोपे असते. रंकाळ्याच्या अलीकडच्या इतिहासाचे हे एक महत्त्वाचे सूत्र आहे.

## प्रदूषण व संवर्धन

श्याम सोसायटी, सरनाईक वसाहत, देशमुख हॉल आणि परताळा या बाजूंनी येणाऱ्या नाल्यांतून सांडपाणी तलावात मिसळत असल्याच्या तक्रारी दीर्घकाळ होत आल्या आहेत. मैला व साबण-डिटर्जंट यांतून नत्र आणि स्फुरद ही द्रव्ये पाण्यात येतात. शेतात जे खत पिकाला उपयोगी पडते तेच तलावात शेवाळ व केंदाळ (जलपर्णी) यांना पोसते. केंदाळाचा गालिचा पसरला की सूर्यप्रकाश खाली पोहोचत नाही. मेलेले शेवाळ व वनस्पती कुजताना पाण्यातील प्राणवायू वापरला जातो, त्यामुळे मासे मरतात व दुर्गंधी सुटते. तळाशी गाळ साचून त्यातून हीच द्रव्ये पुन्हा पाण्यात येतात. म्हणून नवे सांडपाणी थांबवल्यानंतरही तलाव लगेच सुधारत नाही. या प्रक्रियेला 'सुपोषण' म्हणतात.

२०१० च्या दशकाच्या आरंभी नील-हरित शैवालामुळे रंकाळ्याचे पाणी हिरवेगार झाले आणि दुर्गंधीमुळे काठावरून चालणे अवघड झाले. त्या काळात नागरिकांनी निदर्शने, मानवी साखळ्या व कायदेशीर मार्ग यांद्वारे हा प्रश्न लावून धरला. तलावाचा समावेश केंद्र शासनाच्या राष्ट्रीय तलाव संवर्धन योजनेत झाला होता. नाले अडवून सांडपाणी दुधाळी येथील प्रक्रिया केंद्राकडे वळवणे, केंदाळ काढणे, पाण्यात हवा मिसळणे, कपडे व जनावरे धुण्यास मनाई करणे असे उपाय वेळोवेळी योजले गेले. गणेशमूर्तींचे विसर्जन रंकाळ्याऐवजी इराणी खणीत करण्याची पद्धत रुजली. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती लवकर विरघळत नाहीत आणि त्यांच्या रंगांतील द्रव्ये पाण्यात उतरतात. त्यामुळे या बदलाचे महत्त्व मोठे आहे. लोकश्रद्धेला धक्का न लावता रूढी बदलता येते, याचे हे उदाहरण होय.

संवर्धनाच्या कामांत दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. पदपथ, दिवे, बाके, संरक्षक भिंतीची दुरुस्ती ही सुशोभीकरणाची कामे होत. ती आवश्यक असली तरी पाण्याची प्रत त्यांनी सुधारत नाही. सांडपाणी रोखणे, गाळ काढणे आणि पाणलोटातील बांधकामाचे नियमन करणे ही शुद्धीकरणाची कामे. ती डोळ्यांत भरत नाहीत आणि त्यांना वेळ लागतो. सुशोभित काठ आणि अशुद्ध पाणी असे चित्र देशातील अनेक शहरी तलावांत दिसते. भोपाळ, उदयपूर, बेंगळुरू तसेच ठाणे या शहरांपुढेही कमीअधिक प्रमाणात हाच प्रश्न आहे.

## महत्त्व

रंकाळा हे कोल्हापूरच्या अनेक पिढ्यांचे सार्वजनिक अंगण आहे. राजवाडा व पेठा, मंदिर व चित्रपट स्टुडिओ, तालीम व नवी वसाहत यांना एकत्र आणणारी ती जागा आहे. तेथे जाण्यास तिकीट लागत नाही, त्यामुळे सर्व थरांतील लोक या काठावर येतात. जुन्या शहराच्या गर्दीत राहणाऱ्यांना मोकळी हवा आणि उपनगरात राहणाऱ्यांना शहराशी असलेले नाते हा तलाव देतो. मात्र याच वसाहतींच्या मोरीतून निघणारे पाणी कोठे जाते, यावर त्याचे पुढील आयुष्य अवलंबून आहे.